आकड्यावरची लाल बादली

मित्रांनो, मी एक जुनी लाल बादली आहे, पण न्हाणीघरातल्या बादलीशी माझी गल्लत करू नका. माझे बूड गोल आहे. मला जमिनीवर ठेवले की मी एका अंगावर कलंडते. हे मुद्दामच केलेले असते, म्हणजे पाणी भरायला किंवा शेण उचलायला कुणी मला पळवू नये. पोटात वाळू घ्यायची, आकड्याला लटकायचे आणि आगीची वाट पाहायची, एवढेच माझे काम.

माझा जन्म जळगावच्या एका पत्र्याच्या कारखान्यात झाला. आम्ही चौघी बहिणी तिथून टेम्पोत बसून दोंडाईचाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आलो. आम्हाला व्हरांड्यात ओळीने टांगले. माझ्या एका बाजूला खिचडीची खोली आणि दुसऱ्या बाजूला पहिली-दुसरीचा वर्ग. मुले पाढे म्हणत आणि मी ते ऐके. बाराच्या पुढचे पाढे मला आजही येत नाहीत, कारण दुसरीचा वर्ग तिथेच थांबतो.

पुढे राज्य सरकारचा शाळांच्या सुरक्षेबद्दलचा आदेश आला. दोन पानांचा होता. गिरधर सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, यांनी तो व्हरांड्यात उभे राहून मोठ्याने वाचला. आग विझवण्याचे साहित्य लाल रंगात आणि सहज दिसेल असे ठेवावे, हे पहिल्या पानावर होते. ते महिन्यातून एकदा खाली उतरवून मुलांसह सराव करावा, हे दुसऱ्या पानावर. ऐकताना मी अगदी हरखून गेले. मग सरांनी तो आदेश काचेच्या चौकटीत घालून माझ्यासमोरच्या भिंतीवर लावला. चौकटीत एकच पान दिसते, मित्रांनो. दुसरे पान पहिल्याच्या पाठीमागे गेले ते गेलेच.

तपासणीची तारीख कळली की जीवराम पेंटर डबा घेऊन येई. स्वभावाने चांगला माणूस, पण कामाची घाई फार. मला खाली उतरवायचे, रंगवायचे, वाळवायचे आणि पुन्हा टांगायचे, एवढा वेळ त्याला कुठला? तो मला टांगल्या जागीच रंगवी. माझ्याबरोबर माझी कडी रंगे आणि आकडाही रंगे. साहेब येत, माझ्याकडे बघून मान डोलवत आणि चहाला जात. मीही लग्नातल्या करवलीसारखी मिरवत असे. हे आज सांगायला लाज वाटते.

खिचडी शिजवायला भागाबाई होती. सगळी शाळा तिला भागाअक्का म्हणे. सकाळी स्वयंपाकाच्या खोलीत जाण्याआधी ती चपला काढी, तेव्हा तोल सावरायला माझ्या काठावर हात ठेवी. जाडाभरडा, कांद्याच्या वासाचा हात. खंडेनवमीला ती आपल्या झाऱ्याला नि पातेल्याला हळदकुंकू लावी, तेव्हा एक बोट मलाही लावी. सुट्ट्यांच्या दिवसांत मला त्या हाताची फार आठवण येई. वाटे, या हाताने मला एकदा तरी आकड्यावरून काढावे. पण त्यासाठी आग लागायला हवी होती. मी मनातल्या मनात काय मागत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात ती आग लागली. त्या दिवशी गॅस संपला होता. पोरे उपाशी राहू नयेत म्हणून अक्काने चूल मांडली आणि जळणाला कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्या आणल्या. त्यांचा भारा तिने दारातच टाकला. चुलीतली एक ठिणगी भाऱ्यावर उडाली. शेजारी सुक्या मिरच्यांची पिशवी होती, तीही पेटली. तो धूर असा की वर्गातली तेवीस मुले एकदम खोकू लागली. सारिका मॅडम त्या वर्गाला शिकवत होत्या. अक्का बाहेर धावत आली आणि त्यांना म्हणाली, "पोरेसले बाहेर काढ, मी बादली लेस."

तिने माझ्या कडीला हात घातला. मित्रांनो, इतकी वर्षे मी ज्या क्षणासाठी झुरले, तो हाच. तिने मला उचलू पाहिले, पण मी निघाले नाही. रंगाच्या थरांवर थर चढून माझी कडी आकड्याला घट्ट चिकटली होती. तिने हिसका दिला, दोन्ही हातांनी ओढले, लोंबकळून पाहिले. मी हलले नाही. ती माझ्या बहिणीकडे गेली, तर तिचेही तेच.

मग अक्काने तो पेटलेला भारा हातांनीच धरला आणि फरफटत अंगणात नेऊन टाकला. वर्गाच्या दारापर्यंत आलेली आग तिथेच थांबली. सारिका मॅडम मुलांना मैदानात सोडून परत धावल्या आणि अक्काचा उजवा हात पाहून रडू लागल्या. अक्का त्यांच्यावर ओरडली, "मन्हा हात राहू दे. आधी पोरे मोज."

तेवीसच्या तेवीस भरली.

अक्का पुन्हा कामावर आली नाही. तिच्या उजव्या हाताची मूठ वळेना, आणि मूठ वळत नाही तर झारा कसा धरणार? नवी बाई आली. ती भली आहे, पण चपला काढताना माझ्यावर हात ठेवत नाही. सकाळ झाली की माझा काठ अजून तो हात शोधतो. मी वाळूने भरलेली असते आणि तरी रिकामी वाटते.

आगीनंतरच्या आठवड्यात सारिका मॅडमनी भिंतीवरची चौकट उतरवली, काच काढली आणि दुसरे पान बाहेर काढले. ते त्यांनी सगळ्या शिक्षकांना वाचून दाखवले. गिरधर सर मान खाली घालून ऐकत होते. नंतर ते स्वतः कानस घेऊन आले आणि आमच्या कड्यांवरचा नि आकड्यांवरचा रंग खरवडत बसले. त्यांनी कुणाला मदतीला बोलावले नाही.

आता दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सराव असतो. घंटा होते, मुले रांगेने मैदानात जातात, मोजली जातात. मला खाली काढतात आणि माझी वाळू पेटलेल्या पालापाचोळ्यावर ओततात. नंतर ती वाळू चाळून पुन्हा माझ्यात भरतात. मला हवे होते ते मिळाले, पण ज्या हाताने मिळायला हवे होते, तो हात नव्हता.

गेल्या महिन्यात मात्र अक्का आली होती. तिची नात यंदा पहिलीत बसली आहे. तिला पोचवायला आली आणि सराव बघत व्हरांड्यातच थांबली. सारिका मॅडम बाजूला सरल्या. अक्काने चपला काढल्या, माझ्या काठावर हात टेकला आणि डाव्या हाताने माझी कडी धरून मला वर उचलले. मी अलगद निघाले. ती मला पोटाशी धरून कितीतरी वेळ उभी राहिली.

"आते निंघनी व माय," ती म्हणाली. म्हणजे, आता निघाली ग माय.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझी एखादी बहीण भिंतीवर टांगलेली असेल. ती किती लाल आहे ते बघून पुढे जाऊ नका. तुमच्या सरांना, मॅडमना सांगा आणि तिला एकदा खाली उतरवून बघा.