मानाप्रमाणे परवानगी

"सर, चेअरमनसायबांस्नी कॉम्प्युटर चालू तरी करता येतो का?"

अंकिता आणि सृष्टीनं वडापावाची पैज लावली होती, म्हणून शिवांजलीनं विचारून टाकलं. मागच्या बाकावर दोघी तोंडात ओढणी कोंबून बसल्या.

प्रश्नाला कारण होतं. कुंडलजवळच्या त्या शाळेत सगळे कॉम्प्युटर कोपऱ्यातल्या एका मोठ्या मशीनला जोडलेले. यंदा त्यात नवी सोय आली: कुणी कुठली फाइल नुसती बघायची आणि कुणी बदलायची, हे एकेकाच्या नावानं ठरवता येत होतं. पण सर पडले गॅदरिंगच्या पत्रिका लिहिणारे! त्यांनी ती यादीही पत्रिकेसारखीच लिहिली. सगळ्यात वर संस्थेचे चेअरमन, मग व्हाइस चेअरमन, मग संचालक. सगळ्यांना बदलायची परवानगी. ज्यांनी फाइली केल्या त्या पोरांना मात्र नुसती बघायची.

आणि सोमवारी काय झालं, उसाला पाणी कधी द्यायचं ते सांगणाऱ्या शिवांजलीच्या प्रकल्पावर चेअरमनच्या नातवाचं, पृथ्वीराजचं नाव झळकलं; आजोबांची परवानगी त्यानंच वापरली होती. शिवांजलीच्या नावाच्या वर! उद्या साताऱ्यात प्रदर्शन.

"प्रश्न येण्याचा नाही गं, मानाचा आहे," सर हळू आवाजात म्हणाले. "यादीतनं नाव काढलं तर रुसतील."

"मग नाव ऱ्हाऊ द्या की. बदलायची परवानगी तेवढी काढा."

"एकट्याची कशी काढू?" सरांनी डोकं खाजवलं आणि एकदम खुलले. यादीच्या अगदी वर त्यांनी नवी ओळ घातली: सगळ्यांना मनाई. "आता रुसायला कोण उरतंय?"

कोणीच उरलं नाही. फाइल चेअरमनच्या नावानं उघडेना, सरांना उघडेना, शिवांजलीलाही उघडेना.

"मशीन बिघडलं!" सरांना घाम फुटला.

"न्हाई सर. त्ये वरनं वाचत येतंय, उत्तर घावलं की थांबतंय. पयल्याच ओळीत मनाई, मग खालची नावं वाचंल कशाला? ती ओळ तळाला न्या. वर माझं नाव, बदलायच्या परवानगीसकट. त्याच्याखाली चेअरमनसायब आन् बाकीची मंडळी, फकस्त बघायला."

"चेअरमन दोन नंबरला?" सर जवळजवळ किंचाळले.

"आवं सर, त्यांना दिसणार कवा? चालू कुठं करता येतोय?"

सर आधी दचकले, मग पोट धरून हसले. यादी दुरुस्त करायची सोय नशिबानं त्यांच्याकडं शाबूत होती. ओळी हलल्या, फाइल उघडली. शिवांजलीनं प्रकल्पावरचं पृथ्वीराजचं नाव पुसलं आणि फाइल पेनड्राइव्हवर घेतली.

निघताना सर पुटपुटले, "पण साताऱ्यात पृथ्वीराजच बोलेल हं. तू शेजारी तक्ता धर. तसा शब्द दिलाय मी."

पैजेचा वडापाव शिवांजलीनं अर्धाच खाल्ला, म्हणून सृष्टीला वाटलं, हिला ताप आला.

घरी तिचे वडील आप्पा, फौजेतून रिटायर झालेले, बूट पुसत होते. आई भाकरी थापत होती. दप्तरसुद्धा न काढता शिवांजली चुलीपुढं उभी राहिली.

"उद्या साताऱ्यात मी बोलणार हाय. तक्ता पृथ्वीराजनं धरायचा."

आईचा हात परातीतच थांबला. "आगं, आन् चेअरमन काय म्हणतील?"

"त्यांना बघायची परवानगी हाय," शिवांजली म्हणाली. "बदलायची न्हाई."