झाकणाखालचा उजेड

उपग्रह म्हणावा तर केवढा, बुटांच्या खोक्याएवढा. असल्या खोक्यांच्या पोटात तारांच्या जुड्या बांधण्यात तिची बावीस वर्षं गेली होती. तिचा भाचा त्याच कारखान्यात इंजिनीअर म्हणून लागला आणि त्याचं ऐकून सगळेच तिला मावशी म्हणू लागले. आता याच भाच्याने तारांना रजा दिली होती. खोक्यातल्या एका डब्याने अदृश्य उजेड सोडायचा, दुसऱ्याने तो टिपायचा, की निरोप पोचला. हा उपग्रह मंजूर झाला की पुढचे सगळे बिनतारी आणि मावशीचा विभाग बंद, हे साहेबांनी तिला तोंडावर सांगितलं होतं. तिला वाईट वाटलं, भाच्याचं कौतुकही वाटलं. दोन्ही गिळून ती कामाला लागली.

मंजुरीच्या बैठकीला तासभर उरला होता. झाकण अगदी शेवटी बसवायचं, असा तिथला शिरस्ता. उघड्या खोक्यावर वाकून मावशी चाचणीच्या तारा धरून होती आणि पडद्यावर एकही निरोप चुकत नव्हता. भाच्याचे पाय जमिनीवर नव्हते. पाठ मोकळी करायला ती मागे सरली, तर निम्मे निरोप गळाले. पुढे वाकली, पुन्हा सगळं आलबेल. तीनदा करून पाहिल्यावर तिच्या लक्षात आलं. दोन डब्यांच्या मध्ये बॅटरी आडवी येत होती आणि उजेड मावशीच्या पांढऱ्या कोटावर आपटून पलीकडे पोचत होता. झाकण तर आतून काळंकुट्ट, उजेड गिळणारं.

गप्प बसली तर उपग्रह वर जाऊन मुका होणार आणि भाचा तोंडघशी पडणार. बोलली तर तारा परत येणार. बोलण्यात आपलाच फायदा आहे, हेच तिला खुपलं. तरी तिने भाच्याला बोलावून सगळं दाखवलं. त्याचा चेहरा पडला.

"मावशी, तुला तारा परत हव्यात म्हणून तर नाही ना सांगत?"

"हव्यात की. खोटं कशाला बोलू?"

मग तिनेच कपाटातून उपग्रहाला चालणारी पांढरी चिकटपट्टी काढली. झाकणाच्या आतून, बरोबर बॅटरीच्या वर येतील अशा चार पट्ट्या लावल्या, नखाने सुरकुत्या मोडल्या, चाचणीच्या तारा बाजूच्या फटीतून काढून झाकण बसवलं. पडद्यावर एकही निरोप चुकला नाही.

भाचा कागद गोळा करून निघाला आणि दाराशी घुटमळला. "साहेब विचारतील, निरोपासाठी एखादी तरी तार ठेवायची का म्हणून. काय सांगू?"

मावशीने पडदा पुन्हा एकदा नीट पाहिला.

"नाही लागणार, म्हणून सांग."