डाख दिलेला गडू

"काय ठरलं रे तुमच्या चर्चच्या वर्गात? मी वर जाणार की खाली?" बाबांनी विचारलं, आणि हसता हसता त्यांना ढास लागली.

अनिमेषनं त्यांच्या पाठीमागची उशी वर सरकवली. चार वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला त्याच आठवड्यात त्यानं देव्हारा उचलून बॉम्ब शेल्टरमध्ये ठेवला होता. इथं परदेशात, पुंगोलच्या प्रत्येक फ्लॅटमध्ये असते ती लोखंडी दाराची खोली; त्यांच्याकडे तांदळाच्या पिशव्या नि रिकाम्या बॅगांची. देवांमागोमाग गंगाजलाचा गडूही आत गेला. तांब्याचा, तोंडाला डाख देऊन बंद केलेला. बाबा जहाजावर चीफ इंजिनिअर. अनिमेषच्या आईनं, कुमुदनं, पहिल्या सफरीला तो बरोबर दिला होता. तीस वर्षं तो त्यांच्या केबिनमध्ये सगळे समुद्र हिंडला.

आता बाबांची फुप्फुसं संपली होती. आज नाहीतर उद्या, असं नर्स सकाळीच सांगून गेली.

"अन्या, गडू काढ. उघडायची वेळ झाली."

त्यानं काढला. पण डाखेवर हात थबकला. प्रबोधसरांनी वर्गात पहिल्या शतकांतल्या ख्रिस्ती गुरूंचा वाद शिकवला होता. एक म्हणे, ख्रिस्ताआधीच्या ग्रीक ज्ञान्यांतही देवाच्या शब्दाचं बी पडलेलं. विवेकानं जगले ते आपलेच. दुसरा म्हणे, तत्त्वज्ञांचं नि आपलं नातं कसलं? मूर्तीपुढचं सगळं भुतांचं. वहीत दोन्ही रकाने भरले होते. बाबा कुठल्या रकान्यात, तेवढं त्याला कळत नव्हतं. हे पाणी दिलं आणि त्यानंच बाबा कायमचे हरवले तर?

"सरांना विचारतो. दोन मिनिटं, बाबा."

"पाणी द्यायला परवानगी?" त्याची बायको मेधा चमचा घेऊन उभी होती. "अरे, वडील आहेत ते तुझे. ग्रीक नव्हेत."

त्यानं मेसेज पाठवला. रविवारची दुपार, सर प्रार्थनेत असणार.

मेधानं नळाचं पाणी ओठांशी नेलं. बाबांनी तोंड मिटून घेतलं, गडूकडे बोट केलं. मग डोळे मिटून कुमुदची ओवी पुटपुटले, अडखळत, श्वासाश्वासाला तोडत:

दूरदेशीच्या प्रवाशा, नको भीती धरू मनी
तुझ्या ओंजळीत देव, जिथं जिथं गोड पाणी

खालून एलआरटीची छोटी गाडी गेली. पुन्हा एक गेली. अनिमेषची नजर फोनवर.

"अनिमेष," मेधा हळूच म्हणाली, "ठेव आता तो."

बाबांची छाती हलत नव्हती.

हातातला फोन थरथरला. प्रबोधसर: "विचारत काय बसलास, बाळा? पाणी दे."

त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं डाख उचकटली. इतक्या वर्षांत आटून आत निम्मंच पाणी उरलं होतं. त्यातलं चमचाभर त्यानं बाबांच्या तोंडात सोडलं. ते आत गेलं नाही. ओठांच्या कोपऱ्यातून गालावर, गालावरून उशीवर उतरलं. त्यानं दुसरा चमचा भरला. मग तिसरा.

त्याला थांबवायला मेधानं त्याचा हात धरला नाही.