हृतिकची कबर उघडली तेव्हा

"मार्थाबाई, तुमी मागं सरा," फावडं टेकवून फ्रान्सिस म्हणाला. मी हलले नाही.

आमच्या पाचूबंदरच्या दफनभूमीत जागा कमी. काही वर्षांनी कबर उघडायची, घरच्यांनी हाडं धुऊन भिंतीतल्या कोनाड्यात ठेवायची आणि खड्डा नव्या मयताला द्यायचा. नियम सगळ्यांना सारखा, मान्य. पण होडीवरून पडून गेलेल्या माझ्या एकुलत्या पोराला तो का लावायचा? घरचे म्हणजे तरी कोण, मी एकटी. होडी माझ्या नवऱ्याची, डॉमनिकची, म्हणून तो घरात भिंतीकडे तोंड करून पडलेला. त्याला मी दोष देत नाही. देते, खरं तर.

माळेची प्रार्थना म्हणणाऱ्या बायकांना बजावलं होतं, कुणी यायचं नाही. हृतिक गेल्यापासून मी प्रार्थनेला बसले नव्हते, देवाचं नाव ऐकलं तरी डोकं फिरायचं. तरी तिघी आल्याच. पुढे आल्बिना. मासळीबाजारात माझ्या शेजारी बसते, हृतिकची धर्ममाता. तिला नको म्हणणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

माती निघाली. पेटीचं झाकण कुजलं होतं. आतला निळा शर्ट मात्र तसाच, बटणांसकट. मीच त्याला घातला होता.

"कपडा सडला नाय. कापायला लागंल," फ्रान्सिस म्हणाला आणि खाली वाकला.

"हात लावू नको. माती लोट परत."

"बाई, सांजच्याला मयत येनार हाय. मी त्यांना काय सांगू?"

"काय वाटेल ते सांग. नाहीतर मलाच पूर इथं."

तो घाबरून बायकांकडे बघू लागला. मी खड्ड्याच्या कडेला पाय सोडून बसले होते. आता ह्या बाया देवाची इच्छा वगैरे सांगतील, मग एकेकीला बघते, असं मनात म्हणत होते.

आल्बिनाने लुगडं खोचलं, चपला काढल्या आणि खाली उतरली.

"फ्रान्सिस, तू वर जा," ती म्हणाली. "बाप्तिस्म्याला मीच धरलेला ह्याला. आज पन मीच धरीन."

एकेक बटण ती सावकाश काढत होती. कापलं काहीच नाही. माझ्या दोन्ही बाजूंना दोघी मातीतच टेकल्या आणि हलक्या आवाजात माळ म्हणू लागल्या. मला शब्द येत होते, तोंडातून फुटत नव्हते. माझ्या वाटचंही त्याच म्हणत राहिल्या.

"मार्था," आल्बिनाने खालून दोन्ही हात वर केले. "डोकं तू घे."

मी घेतलं. हाडं धुवायला आणलेल्या बादलीत पदर ओला केला आणि त्याच्या कपाळावरची माती पुसली.