पारूची सुट्टी

पारूनं शेवटचा आंबा पिळला, कोय पातेल्याच्या काठावर दोनदा निपटली आणि साल पाण्यात बुचकळून तिचाही अंश काढला. हंगाम सरला होता. आंबे सुरकुतलेले, निम्मे आंबट. पण रसाशिवाय सुट्टीला सुट्टी कोण म्हणतं, म्हणून तिच्या भावानं, सुग्रीवनं, पाथरीच्या बाजारातून हे उरलेसुरले उचलून आणले होते.

"वन्सं, सरका. मी करते की," भावजय म्हणाली. तिचं नाव छबू.

"ऱ्हाऊ द्या वैनी. तुमी बसा. कुरडया बी मीच तळते."

आल्यापासून सडा, धुणं, भांडी, सगळं पारूनं ओढून घेतलं होतं. माहेरवाशिणीनं इतकं राबावं का? पण ज्याला मुक्काम लांबवायचाय त्यानं कामाला हात आखडू नये, एवढी अक्कल सासरानं तिला दिली होती. घालवून देणारी असली तर ही छबूच असणार, हे तिनं मनात पक्कं धरलं होतं. छबूनं नुसतं पातेलं आदळलं तरी पारू आणखी एक काम ओढून घ्यायची.

सहा वर्षांच्या गोदीला घेऊन ती सेलूहून आली ती उन्हाळ्याच्या सुट्टीला म्हणून. पहिल्याच दिवशी न्हाणीत तिनं पदर सरकवून भावजयीला पाठ दाखवली. छबूनं तोंडावर हात घेतला. पारूचा नवरा भुजंग शुद्धीत असला तर हातानं मारायचा, पिऊन आला तर हाताला लागेल त्यानं. छबूनं सुग्रीवला सांगितलं आणि तिघांचं ठरलं, की मायला काही कळू द्यायचं नाही. म्हातारीचं काळीज दुबळं. ऐकलं तर बसल्या जागी जाईल.

मग वटसावित्री आली. पारूनं त्याच नवऱ्यासाठी वडाला सूत गुंडाळलं, आणि चार बायांनी बघावं असं गुंडाळलं. शाळा उघडल्या. आता आखाड लागला होता, आणि आखाडात लेकी माहेरी असतातच. पुढं पंचमी, मग राखी, मग महालक्ष्म्या. सण काय कमी आहेत आपल्यात? सणाला सण जोडत गेलं तर बाई माहेरी जन्म काढेल. आणि ह्यातलं काहीच चाललं नाही, तर पारूपाशी माय होती. बियाण्याच्या मडक्यासारखी तिनं मायला राखून ठेवली होती. मायला एकदा पाठ दाखवली की झालं. मग माय तिला सोडायची नाही.

रस, पोळी, वर तुपाची धार, फुललेल्या कुरडया. जेवून सगळे टीव्हीसमोर बसले. सुग्रीव एस.टी.त कंडक्टर होता. टीव्ही नवा, आणि फुटबॉलचा वर्ल्ड कप चालू. त्याला त्यातलं फार कळत होतं अशातला भाग नाही, पण डेपोत सगळे त्याचंच बोलायचे. भुशातला बर्फ धुऊन फोडला, गुलाबाचं सरबत झालं. शेजारची सुलाबाई ग्लास घेऊन मायजवळ टेकली आणि आधी पारूवरच घसरली.

"साळा उघडल्या की गं पारे. पोरीची सुट्टी सरली न्हाई का आजून?"

"आखाड लागला की मावशी," पारू हसून म्हणाली.

"आखाड नव्या सुनांचा आस्तो बाई. तू काय आता नवी हायस?"

छबूनं उठून टीव्हीचा आवाज मोठा केला. पारूला वाटलं, हिलाही आपलं ओझंच झालंय, म्हणून ही चिडली.

एका बाजूला कॅमेरून, दुसऱ्या बाजूला कोलंबिया. दोन्ही देश कुठं आहेत हे घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. कॅमेरूनचे गडी आपल्यासारखेच काळेसावळे आणि हाडाचे, म्हणून घर त्यांच्या बाजूनं झालं. पण गोल काही होईना. चेंडू इकडून तिकडं, तिकडून इकडं. शिट्टी झाली.

"आता वं?" मायनं विचारलं.

"आता आर्धा तास वाढवून दिलाय, माय."

पारूचा हात ग्लासावर थांबला. "मागावा लागत न्हाई का, दादा?"

"न्हाई. बरोबरी झाली की आपसूक मिळतोय."

"लय चांगला नियम हाय," पारू म्हणाली. सुग्रीवनं तिच्याकडं पाहिलं नाही.

वाढीव वेळात कॅमेरूननं एक गोल केला. कोलंबियाचा गोलकीपर, कुरळ्या केसांचा, मघापासून आपली जागा सोडून पुढं पुढं येत होता. आता तर पार लांब आला, पायात चेंडू खेळवत राहिला, आणि कॅमेरूनच्या एका वयस्क गड्यानं तो हिसकावून मोकळ्या जाळीत नेऊन घातला. सुग्रीवनं मांडीवर थाप मारली, गोदी नाचायला लागली.

"घर उघडं टाकून एवढं भाईर यावं का पर?" माय म्हणाली. "आता कुनाला बोल लावील त्यो?"

सगळे खदखदा हसले. पारूही हसली. बाकीच्यांचं हसू थांबलं तरी तिचं थोडं उरलं होतं. वळून पाहिलं तर मायचं टीव्हीकडं लक्षच नव्हतं. ती पारूकडं बघत होती.

सकाळी पारू सडा टाकून आत आली तर पाट मांडलेला. ताटात हळदकुंकू, खण, नारळ, तांदूळ. सुग्रीव खाकी कपड्यांत उंबऱ्यावर बसून बुटाची नाडी बांधत होता. बांधलेली सोडून पुन्हा बांधत होता.

"आज सेलूच्या गाडीवर हाय मी," तो खाली मान घालूनच म्हणाला. "ड्युटी बदलून घेतली. मायनं सांगितलं व्हतं."

पारूनं छबूकडं पाहिलं. छबूचे डोळे रडून सुजले होते. "मी ऱ्हाऊ द्या म्हनलं व्हतं वो वन्सं. देवाशपथ म्हनलं."

ती खरं बोलत होती. इतके दिवस आपण भलत्याच माणसाला भ्यालो, हे पारूला कळलं.

"बस बाई," माय म्हणाली.

पारू पाटावर बसली. मायनं कुंकू लावलं, पदरात नारळ ठेवला, खण ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले. सासरी निघालेल्या लेकीची ओटी भरतात तशी, नीट, सगळ्या रीतीनं. आता नाही सांगितलं तर संपलंच.

"माय, तुला एक सांगायचं ऱ्हायलंय. तुला म्हाईत न्हाई..."

"गठुड्यात शेवया हायेत, कुरडया हायेत," माय म्हणाली. "लोनचं सांडायलंय का बघ आधी."

पारूनं गठुडं सोडलं. लोणचं सांडलं नव्हतं. शेवयांच्या बाजूला एक फडक्याची पुरचुंडी होती. तिनं गाठ उकलली. आत आंबेहळदीचं कांडं होतं. मुका मार बसला की दगडावर उगाळून, ऊन करून लावतात, ती. कच्च्या कैरीचा वास अजून थोडा होता. कांडं एका बाजूनं उगाळून उगाळून पार सपाट झालेलं.

पारूनं मान वर केली.

"वडाच्या दिवशी तू न्हात व्हतीस तवा मागं पानी ठिवून गेले मी," माय म्हणाली. "पाठ दिसत न्हाई व्हय मला?"

सुग्रीवचा हात नाडीवर तसाच राहिला.

"तुझ्या बापाच्या वक्ताची हाय ती. जुनी चांगली लागू पडती."

राखून ठेवलेलं मडकं रिकामंच होतं. पारूला आता रडूही येईना. तिनं पुरचुंडी पुन्हा बांधली आणि ओटीत, नारळाच्या शेजारी ठेवली.

गोदी वाकून बघत होती. "आज्जे, काय हाय गं ते?"

"हळद हाय बाई," माय तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "नीट ठिवा. तुझ्या मायला पुरून उरंल."