सरळ मुठीवरची गाठ

"अजून जाड कर. बोटांना पटकन लागली पाहिजे," दादा म्हणाला.

"तुझ्या चाकाला थंडीबिंडी वाजते की काय? किती दोरी गुंडाळून घेतोस त्याला!" धाकटा भाऊ म्हणाला.

दादा हसला, परंतु नेहमीसारखा नव्हे.

धाकट्या भावाला सारा धक्का गाठवाला म्हणूनच ओळखत असे. दांडे, मुठी, घंटांच्या दोऱ्या यांवर विणीव गाठींचे वेष्टण चढवणे हा त्याचा व्यवसाय होता आणि त्यात त्याचा हात धरणारा दुसरा कोणी नव्हता. दादा त्याच धक्क्यावरील प्रवासी बोटीचे सुकाणू एकतीस वर्षे सांभाळत आला होता. वडिलांच्या पश्चात त्यानेच धाकट्याला वाढवले होते; पहिली गाठही त्यानेच, धाकट्याचा हात हातात धरून, शिकवली होती.

सुकाणूच्या चाकाला आठ मुठी होत्या. त्यांपैकी एक अगदी वर आली की बोट सरळ चालते. त्या मुठीवर गाठ बांधण्याची रीत जुनी आहे. धुक्यात नजर पुढे रोखलेली असते, तेव्हा सरळ मूठ कोणती हे हाताला आपोआप कळावे, एवढाच तिचा हेतू. गेल्या आठवड्यात मात्र दादाने भोंग्याची दोरी, इंजिनाचा दांडा आणि दाराची कडी यांवरही निरनिराळ्या गाठी बांधून घेतल्या होत्या. म्हाताऱ्याला हौस आली आहे, असे समजून गाठवाल्याने त्या आनंदाने बांधल्या.

त्याने शेवटचा फेर ओढून घेतला आणि अंग मागे घेतले. तत्क्षणी त्याला आपली चूक उमगली. काम सुरू करण्यापूर्वीच प्रवाहाच्या झोताने चाक एक मूठ सरकले होते आणि वर आलेली मूठच त्याने सरळ समजून धरली होती. गाठ शेजारच्या मुठीवर बसली होती आणि खऱ्या मुठीवरील खुणेचा नाण्याएवढा पांढरा ठिपका तिच्या बाजूलाच उघडा पडला होता.

आता दादा चांगलीच हजामत करणार, असे त्याला वाटले.

दादाने पुढे वाकून चाकावर नजर टाकली. गाठीवरून अंगठा फिरवला. "झकास! याला म्हणतात काम."

गाठवाल्याने ठिपक्याकडे पाहिले, मग दादाच्या डोळ्यांकडे.

"दादा, ठिपका कुठे आहे?"

"कसला ठिपका?"

"पांढरा. तूच लावलेला."

बाहेर लाटा लाकडावर आपटत होत्या. दादाचा अंगठा गाठीवरच थांबला.

"कधीपासून?" गाठवाल्याने विचारले.

"हिवाळ्यापासून. कडेकडेचं दिसतं. मधलं गेलं." मग घाईघाईने, "पाण्याची वाट मला पाठ आहे रे! गाठ तेवढी सरकव. तुझ्या वहिनीलासुद्धा सांगितलेलं नाही मी."

"साठ माणसं बसतात दादा बोटीत."

"मला शिकवतोस? आजवर एकाचाही पाय ओला होऊ दिला नाही मी!" त्याचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "खाली उतरून मी करू काय, ते तरी सांग."

गाठवाल्याने सुरी काढली व गाठीखाली सारली. ताणलेली दोरी कटकट आवाज करीत तुटत गेली.

"कापलीस?"

"हो."

"नवी बांधशील ना?"

"तुझ्यासाठी नाही, दादा."

गाठवाल्याने दाभण पिशवीत ठेवले आणि पिशवीचे तोंड आवळले.

प्रवासी फळीवरून चढू लागले होते. दादाने टोपी नीट केली, इंजिनवाल्याला हाक मारली आणि म्हणाला, "आजची फेरी तू ने. माझी तब्येत बरी नाही."

"तुम्ही? आणि रजा?" इंजिनवाला चकित झाला. "आज सूर्य कुठून उगवला म्हणायचा?"

"तोंड कमी चालव. हात चालव."

दोघे भाऊ धक्क्यावर उतरले. कुणा प्रवासी बाईने, "काय काका, आज उतरलात?" असे विचारले, तेव्हा दादाने आवाजाच्या रोखाने मान लववली. गाठवाल्याने हात पुढे केला. दादाने तो घेतला नाही.

बोट सुटली. पलीकडच्या खडकाजवळ तिला वळवावे लागते आणि ते वळण अवघड आहे. गाठवाला डोळे ताणून पाहू लागला. दादा पाण्याकडे तोंड करून, इंजिनाचा आवाज ऐकत स्तब्ध उभा होता.

"अजून नाही," तो पुटपुटला. "अजून नाही... आता."

दूरवर, त्याच क्षणी, बोट वळली.

"वळवली का रे त्याने?" दादाने विचारले.