जस्त आधी झिजतं

मित्रांनो, मी एक जुनी आकाशी रंगाची मोटार आहे. समुद्रकाठी राहिले, खारा वारा खाल्ला आणि वयाच्या मानाने लवकर म्हातारी झाले. तरीही तुमच्याशी बोलायला आज मी चार चाकांवर उभी आहे, याचं नवल मला अजूनही वाटतं.

कारखान्यात सपाट पत्र्यांना दाबून माझं अंग घडवलं आणि भट्टीत माझा रंग भाजला. बाहेर आले तेव्हा लोक रंगालाच नावाजत. मलाही वाटे, हा रंग म्हणजेच मी. रंगाखाली काय आहे, हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

माझी मालकीण सुईण होती. सगळे तिला मावशी म्हणत. तिचे यजमान मला चालवत आणि मावशी मांडीवर पिशवी घेऊन पुढे बसे. बोलावणं आलं की भाकरी ताटात टाकून दोघं निघत. जाताना मावशी गप्प असे, येताना मात्र गुणगुणे. तिच्या गुणगुणण्यावरून मला कळायचं, बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत.

एकदा भर दुपारी वादळ सुटलं आणि मावशीच्याच पोटात कळा सुरू झाल्या. दवाखाना लांब, रस्त्यावर झाड आडवं पडलेलं. यजमान एकदा झाडाकडे, एकदा मागे बघत होते.

मागच्या सीटवरून मावशी म्हणाली, "अहो, गाडी बाजूला घ्या आणि मी सांगते तेवढं करा. घाबरायचं काम माझं, तुमचं नाही."

माझ्या टपावर पाऊस बदडत होता. आणि मग त्या सगळ्या कल्लोळात एक इवलासा आवाज उठला. मी लोखंडाची, पण त्या क्षणी माझा पत्रान् पत्रा शहारला. माझ्या पोटात एक माणूस जन्माला आलं होतं!

ती मुलगी मोठी झाली, शाळेत बाई झाली. यजमान वारले, मावशीचे गुडघे थकले आणि मी पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन पडले. कुणी मुद्दाम दुर्लक्ष केलं नाही, पण कुणी लक्षही दिलं नाही. माझ्या दारांच्या तळाशी पाणी निघून जायला बारीक भोकं आहेत. ती पाल्यापाचोळ्याने बुजली. चाकांवरच्या कमानीत खारा चिखल बसून राहिला. गंज आवाज करत नाही, मित्रांनो. वरून आकाशी रंग तसाच दिसत होता आणि आतून मी पापडासारखी होत चालले होते.

एके दिवशी लेक आत येऊन बसली आणि तिचा पाय थेट माझ्या तळातून जमिनीला टेकला. तिने पाय वर घेतला आणि त्या भोकाकडे वाकून पाहिलं. मग म्हणाली, "आईला हिच्यातून एकदा समुद्राच्या रस्त्याने न्यायचंच."

मला एका बहीण-भावाच्या गाडीदुरुस्तीच्या कारखान्यात आणलं. भाऊ पत्रा ठोके, म्हणून तो ठोकदादा, आणि बहीण रंग लावी, म्हणून ती रंगताई. दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे आणि एकमेकांशी पटतही नसे. दादाने माझा कुजलेला तळ कापून काढला. ताईने माझ्या एका दारावर वाळूचा फवारा मारून सगळा रंग उडवला.

आणि मी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं. करडी, मंद चकाकणारी, स्वच्छ. ही मी? पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उघड्या दारावर गंजाचा केशरी पदर आला होता. एवढ्याशा वेळात! मी थक्क झाले.

"लोखंड मातीतलंच ना," ताई लेकीला म्हणाली. "जरा मोकळं सोडलं की माहेरची वाट धरतं."

"मग थांबवायचं कसं?"

इथेच भांडण पेटलं. दादा म्हणाला, "जाडजूड रबरी काळा लेप मारू. पाणी शिरायची काय बिशाद!"

"आणि खाली गंज राहिला असेल तर? कोंडून ठेवशील त्याला?" ताई फणकारली. "पत्रा घासून रंगाखाली इपॉक्सी प्रायमरचं अस्तर. बस."

"तुझं प्रायमर पहिल्या खड्याने उडेल!"

लेक मध्ये पडली. "भांडता कशाला? कापलेला पत्रा पडलाय ना इथे? त्यावर लावून बघा."

माझ्याच तळाचे तुकडे होते ते. एकावर गंजासकट काळा लेप दिला. एक घासून त्यावर इपॉक्सी लावलं. तिसरा घासून, लेकीने आणखी काही उपाय आहे का विचारलं म्हणून, त्यावर आधी जस्ताचं प्रायमर आणि मग इपॉक्सी. प्रत्येकावर खिळ्याने खोल ओरखडा काढला आणि तिन्ही तुकडे समुद्राकडच्या भिंतीवर टांगले. आता वारा काय ते ठरवणार होता.

पण त्यासाठी अख्खा पावसाळा थांबायला हवं होतं. लेकीचा जीव वरखाली होऊ लागला. आईची तब्येत आज बरी तर उद्या नाही. तिने घाबरत घाबरत घरी सांगितलं, तर मावशी हसली. नंतर लेकीनेच ते कारखान्यात येऊन सांगितलं. "आई म्हणते, घाईचं बाळ आणि घाईचा रंग, दोन्ही पुढे जागरण करायला लावतात. थांबू आपण."

पावसाळा सरला. भिंतीवर काळा लेप सगळ्यांत देखणा दिसत होता, तुकतुकीत. दादा मिशीत हसला. ताईने ओरखड्यातून सुरी घालून तो लेप सोलला, आणि खालून पत्र्याचे पापुद्रेच निघाले. दादाचं हसू मावळलं. मग ताईने आपला तुकडा पाहिला. ओरखड्यापासून गंज कडेकडेने इपॉक्सीखाली सरकत गेला होता. आता तिनेही सुरी खाली ठेवली.

तिसऱ्या तुकड्यावरच्या ओरखड्यात पांढरट भुकटी साचली होती. ताईने ती एका ठिकाणी बोटाने पुसली. खाली लोखंड शाबूत!

"असं कसं?" लेक कुजबुजली.

"जस्त आधी झिजतं," ताई हळूच म्हणाली. "लोखंडावर संकट आलं की ते पुढे होतं. ते आहे तोवर लोखंडाला धक्का नाही." तिला हे माहीत होतं, पण आपल्या डोळ्यांनी असं पाहिलं नव्हतं. तिघंही त्या पांढऱ्या रेषेकडे पाहत राहिली. मीही. म्हणजे असं धातूंमध्येही असतं!

मग सगळं पटापट ठरलं. दादाने नवा तळ बसवला, मग माझं अंग पूर्ण उघडं करून आधी जस्त, त्यावर इपॉक्सी. पोटाखाली, जिथे खडे आपटतात, तिथे स्वच्छ पत्र्यावरच्या या थरांवर दादाचा काळा लेप. "बघ, लागलाच ना माझा!" तो म्हणाला, आणि ताईने चक्क मान डोलावली. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांत, जिथे हात पोचत नाही, तिथे तिने नळीने पातळ मेण फवारलं. वर आकाशी रंग अगदी शेवटी आला.

मावशी काठी टेकत आली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने रंगावरून नुसता हात फिरवला आणि विचारलं, "बाहेरून छानच आहे गं. आतून कशी आहे?"

ताईचा चेहरा खुलला. तिने माझ्या पट्टीतलं रबरी बूच काढलं आणि मावशीच्या हाती बॅटरी दिली. कुरकुरणारे गुडघे टेकून मावशीने त्या भोकातून आत पाहिलं. मी बनले तेव्हापासून तिथे कधी उजेड पडला नव्हता. मेणाचा थर मधासारखा झळकला.

"जिथे कुणी बघणार नाही, तिथेही एवढं केलंत?" मावशी ताईचा हात धरून म्हणाली.

मित्रांनो, गाडी धुताना तिच्या पोटाखालीही पाणी मारा. दारांच्या भोकांतला पाला काढा. बारीकसा ओरखडा दिसला की लगेच रंगाचं बोट लावा. आणि घरात कुणी वरून तुकतुकीत दिसत असलं, तरी आतून कसं आहे, हे एकदा विचारत जा.

त्या संध्याकाळी लेक मावशीला माझ्यातून समुद्राच्या रस्त्याने घेऊन गेली. भरतीची एक लाट कठड्यावर फुटली आणि खारं पाणी माझ्या अंगावर सांडलं. लेक घाबरून मला वळवू लागली.

"राहू दे," मावशी म्हणाली. "घरी गेल्यावर धुऊ. आता भिजू दे तिला."

आणि ती गुणगुणू लागली.